विशेष न्यायालय म्हणजे काय? ‘फास्ट ट्रॅक’ची मागणी करण्याआधी हे समजून घेऊ

मांजरी बुद्रुकमध्ये रविवारची वंदना झाल्यावर आम्ही काही कार्यकर्ते विहारात बसतो. कुठे अत्याचाराची घटना घडली असेल तर निवेदन कोणाला द्यायचे, त्यात काय लिहायचे, यावर चर्चा होते. अशा निवेदनातले एक वाक्य जवळपास ठरलेले असते : ‘सदर खटला फास्ट ट्रॅक कोर्टात चालवावा.’ मीही अशी निवेदने लिहिली आहेत. पण एका बैठकीत अकरावीतल्या एका मुलीने विचारले, “दादा, अ‍ॅट्रॉसिटीला तर स्पेशल कोर्ट असतेच ना? मग आपण फास्ट ट्रॅक का मागतो?” त्या वेळी बैठकीतल्या एकालाही नीट उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

‘विशेष न्यायालय’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण त्याचा कायद्यातला अर्थ माहीत नसला की आपण चुकीच्या दारात उभे राहतो, आणि कायद्याने आधीच दिलेली गोष्ट विनंती करून मागत बसतो.

शब्दाचा साधा अर्थ

आपल्या जिल्ह्यात फौजदारी खटले मुख्यतः दोन पातळ्यांवर चालतात. पहिली पातळी न्यायदंडाधिकाऱ्यांची, म्हणजे मॅजिस्ट्रेट कोर्टाची. दुसरी सत्र न्यायालयाची, म्हणजे सेशन कोर्टाची. खून, बलात्कार, दरोडा असे गंभीर गुन्हे सत्र न्यायालयात चालतात. मांजरीसह सगळ्या पुणे शहराचे सत्र न्यायालय शिवाजीनगरला आहे.

विशेष न्यायालय म्हणजे एखाद्या ठराविक कायद्याखालचे गुन्हे चालवण्यासाठी त्याच कायद्याने नेमून दिलेले न्यायालय. त्यासाठी वेगळी इमारत लागतेच असे नाही. बहुतेक वेळा सत्र न्यायालयातल्याच एका न्यायाधीशांकडे हे काम सोपवलेले असते. बालकांवरील लैंगिक अत्याचारासाठी पोक्सोचे, लाचलुचपतीसाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे, अमली पदार्थांसाठी एनडीपीएसचे, ठेवीदारांच्या फसवणुकीसाठी एमपीआयडीचे अशी वेगवेगळी विशेष न्यायालये आहेत. म्हणून नुसते ‘स्पेशल कोर्ट’ म्हणून भागत नाही. कोणत्या कायद्याचे, हे सांगावे लागते.

‘विशेष’ कोणासाठी?

आरोपीचे वकील किंवा गावातले लोक कधी कधी म्हणतात, ‘तुमच्यासाठी वेगळे कोर्ट कशाला? कायदा सर्वांना समान आहे ना?’ हा प्रश्न जुना आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर प्रजासत्ताकाच्या सुरुवातीलाच दिले आहे.

पश्चिम बंगाल सरकारने १९५० साली विशेष न्यायालयांचा एक कायदा केला होता. कोणता खटला विशेष न्यायालयाकडे पाठवायचा हे ठरवण्याचा मोकळा अधिकार त्यात सरकारला होता. अन्वर अली सरकार खटल्यात जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनेच्या कलम १४ च्या विरुद्ध ठरवली. कारण सरळ होते. कोणताही निकष न सांगता सरकार एखाद्या माणसाला किंवा खटल्याला निवडून वेगळ्या कोर्टासमोर उभे करू लागले, तर समानता उरत नाही. पुढे १९७८ मध्ये विशेष न्यायालय विधेयकावर मत देताना त्याच न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. गुन्ह्यांचा एक वर्ग वाजवी कारणाने वेगळा काढला असेल, तर त्याच्यासाठी विशेष न्यायालय नेमता येते.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातले विशेष न्यायालय या कसोटीवर उभे आहे. त्यात माणूस निवडलेला नाही, गुन्ह्याचा प्रकार निवडला आहे. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, पुढे १९७६ मध्ये ज्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, तो अत्याचार थांबवायला पुरेसा ठरला नाही. म्हणून १९८९ चा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम आला. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. ‘विशेष’ या शब्दात कोणावर मेहेरबानी नाही. जातीच्या जोरावर साक्षीदार दाबले जातात, फिर्यादी गाव सोडतो, खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, हा अनुभव त्या शब्दामागे आहे.

कायद्यातले दोन शब्द

२०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तेव्हापासून या कायद्यात दोन वेगळ्या संज्ञा आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली : फक्त अ‍ॅट्रॉसिटीचेच खटले चालवण्यासाठी स्थापन केलेले न्यायालय. या लेखात त्याला आपण ‘स्वतंत्र विशेष न्यायालय’ म्हणू. कलम १४ प्रमाणे राज्य सरकारने उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीने, राजपत्रात अधिसूचना काढून, एका किंवा अधिक जिल्ह्यांसाठी असे न्यायालय स्थापन करायचे आहे.

दुसरी : साधे ‘विशेष न्यायालय’. ज्या जिल्ह्यात या कायद्याखालचे गुन्हे कमी नोंदले जातात, तिथे आहे त्या सत्र न्यायालयालाच विशेष न्यायालय म्हणून नेमायचे. त्या न्यायाधीशांसमोर इतर खटलेही असतात.

फरक कागदावर छोटा दिसतो, पण तारखांमध्ये मोठा होतो. ज्या न्यायाधीशांपुढे सकाळी खुनाचा खटला, दुपारी जामीन अर्ज आणि मध्येच अपिले आहेत, त्यांच्याकडे अ‍ॅट्रॉसिटीचा खटला रोजच्या रोज चालणे अवघड असते. म्हणून एखाद्या जिल्ह्यात गुन्हे जास्त असतील, तर आपली मागणी ‘स्वतंत्र विशेष न्यायालय स्थापन करा’ अशी हवी. पुरेशी न्यायालये स्थापन करणे हे कलम १४(२) ने राज्य सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. खटले शक्यतो दोन महिन्यांत निकाली निघतील इतकी न्यायालये हवीत, असे ते कलम सांगते.

मग फास्ट ट्रॅक म्हणजे काय?

जलदगती न्यायालये ही मुख्यतः प्रशासकीय व्यवस्था आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून देशभर १,७३४ जलदगती न्यायालयांची योजना आली. जुने तुंबलेले खटले, विशेषतः सत्र न्यायालयातले, लवकर संपवावेत हा तिचा हेतू होता. केंद्राचा निधी मार्च २०११ पर्यंत मिळाला. त्यानंतर ती चालवायची की नाही हे राज्यांवर आले. अशा न्यायालयातले न्यायाधीश, प्रक्रिया आणि पुराव्याचे नियम सत्र न्यायालयाचेच असतात. वेग हा तिचा हेतू आहे, पण पीडितांना वेगळे हक्क त्यातून मिळत नाहीत.

विशेष न्यायालयाचे तसे नाही. तिथे वेगासोबत हक्कही येतात आणि दोन्ही कायद्यात लिहिलेले आहेत. कलम १४(३) प्रमाणे हजर असलेल्या सगळ्या साक्षीदारांची तपासणी होईपर्यंत खटला दररोज चालवायचा. दुसऱ्या दिवसापलीकडची तारीख द्यायची तर न्यायालयाने कारण लेखी नोंदवायचे. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला पूर्ण करायचा. ‘शक्यतो’ या शब्दाचा आधार घेऊन खटले लांबतात, हे आपण पाहतोच. तरीही लांबणीचे कारण लेखी मागण्याचा आधार आपल्या हातात आहे.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. खटला भंडाऱ्याच्या जलदगती न्यायालयात चालला. सप्टेंबर २००८ मध्ये निकाल लागला, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. म्हणजे वेग होता. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली कोणालाही दोषी धरले गेले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली, तेव्हाही हा गुन्हा जातीवरून घडला असे मानले गेले नाही. समाजाची मोठी वेदना तिथेच होती. खटला लवकर संपला, पण गुन्ह्याला त्याचे खरे नाव मिळाले नाही. नुसता वेग मागण्यातली कमतरता यातून दिसते.

त्या काळच्या कायद्यात गंभीर गुन्ह्यांसाठी ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा केला हे सिद्ध करावे लागे. २०१६ पासून कलम ३(२)(५) मध्ये पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असताना गुन्हा केला, हे पुरेसे ठरते.

खटला विशेष न्यायालयात पोचतो कसा?

२०१६ पूर्वी एक मोठी अडचण होती. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली गंगुला अशोक खटल्यात म्हटले होते की विशेष न्यायालय हे सत्र न्यायालयच असल्यामुळे ते थेट दखल घेऊ शकत नाही. खटला आधी मॅजिस्ट्रेटकडे जायचा, तिथून तो ‘कमिट’ व्हायचा, म्हणजे सत्र न्यायालयाकडे वर्ग केला जायचा. यात महिने जात. २०१५ च्या दुरुस्तीने विशेष न्यायालयाला थेट दखल घेण्याचा अधिकार दिला. आता दोषारोपपत्र सरळ विशेष न्यायालयात दाखल करता येते.

त्याआधीचा टप्पा पोलिसांचा. गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८अ सांगते. मार्च २०१८ मध्ये सुभाष महाजन खटल्यातील निकालाने अशी चौकशी आणि अटकेसाठी परवानगीची अट घातली होती. २ एप्रिलचा भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८अ आणले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. आपण पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने इथे तो सहायक पोलीस आयुक्तांकडे असतो. नियमाप्रमाणे तपास पूर्ण करून दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल व्हायला हवे.

अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची मनाई आहे. मात्र तक्रारीतून प्रथमदर्शनी या कायद्याखालचा गुन्हाच दिसत नसेल, तर ही मनाई आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून फिर्याद लिहितानाच घटनेचे ठिकाण, नेमके शब्द, कोण हजर होते आणि आरोपीला आपली जात माहीत होती हे कसे, या चार गोष्टी आल्याच पाहिजेत.

बौद्ध म्हणून एक महत्त्वाचा मुद्दा

आपली मुले अभिमानाने ‘मी बौद्ध’ असे सांगतात, आणि तसे सांगायलाच हवे. पण फिर्यादीत नुसते ‘बौद्ध’ लिहिले की पुढे अडचण येऊ शकते. विशेष न्यायालयाचा अधिकार गुन्हा या कायद्याखाली बसतो की नाही यावर अवलंबून आहे. त्यासाठी पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असणे आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसणे आवश्यक आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे सुरुवातीला मुख्यतः हिंदू धर्मीयांनाच अनुसूचित जातीत धरले जात होते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. पण यादीत जातीची नावे आहेत, ‘बौद्ध’ ही जात म्हणून नोंद नाही. म्हणून फिर्यादीत ‘धर्म बौद्ध, मूळ जात महार (अनुसूचित जाती)’ असे, जी मूळ जात असेल ती, स्पष्ट लिहावे. सोबत अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात आलेल्यांसाठी असलेल्या नमुन्यातला जातीचा दाखला जोडावा. ज्यांच्या घरात दाखला नाही त्यांनी तो घटना घडण्याची वाट न पाहता आजच काढून ठेवावा. धम्म स्वीकारून आपण जात सोडली. ज्याने अत्याचार केला त्याने ती सोडलेली नाही, आणि न्यायालयात सिद्ध करायचे असते ते हेच.

विशेष न्यायालयात आपले हक्क

२०१६ पासून कलम १५अ लागू आहे. कार्यकर्त्यांनी पाठ करावे असे हे कलम आहे.

एक, जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर आणि अचूक सूचना पीडिताला मिळाली पाहिजे.

दोन, जामीन, आरोपमुक्ती, सुटका, पॅरोल, दोषसिद्धी आणि शिक्षा यांच्या सुनावणीत पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांभी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सूचना आणि म्हणणे मांडण्याचा हक्क हे दोन्ही बंधनकारक असल्याचे सांगितले आणि सूचना न देता दिलेला जामीन रद्द केला.

तीन, पीडित, साक्षीदार आणि कुटुंबीयांना संरक्षण, तपास व खटल्याच्या काळातला प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, गरज पडल्यास पुनर्वसन आणि दुसरीकडे राहण्याची सोय.

चार, कामकाजाचे चित्रीकरण.

पाच, सामाजिक संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क. ‘तू कोण?’ असे आपल्याला कोणी विचारले, तर हे कलम १५अ(१२) दाखवावे.

यातला आरोपमुक्तीचा टप्पा आपण सर्वात जास्त दुर्लक्षित करतो. दोषारोपपत्र आल्यावर आरोपी अर्ज करतो की अ‍ॅट्रॉसिटीची कलमे लागूच होत नाहीत. तो अर्ज मंजूर झाला आणि उरलेली कलमे किरकोळ असली, तर खटला विशेष न्यायालयातून निघून मॅजिस्ट्रेटकडे जातो. त्या दिवशी कोर्टात आपल्यातले कोणी नसते. मी पाहिलेल्या एका कुटुंबाला ही गोष्ट चार महिन्यांनी कळली. समाजाने मोर्चा काढला होता, निवेदने दिली होती, वर्तमानपत्रात बातमीही आली होती. ज्या तारखेला उभे राहायचे होते ती तारीख मात्र कोणीच लक्षात ठेवली नव्हती. त्यात माझाही दोष आहे.

साक्षीदारांचेही तसेच. खर्ड्याच्या नितीन आगे प्रकरणात एप्रिल २०१४ मध्ये खून झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. तीन-साडेतीन वर्षे गावातच राहणाऱ्या साक्षीदारावर काय दबाव येतो, ते वेगळे सांगायला नको. दररोज खटला चालवण्याची तरतूद आणि साक्षीदार संरक्षण या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत, त्या याचसाठी.

विशेष सरकारी वकील आणि अपील

प्रत्येक विशेष न्यायालयासाठी किमान सात वर्षे वकिली केलेला विशेष सरकारी वकील नेमायचा असतो. पीडिताची इच्छा असेल तर नियम ४(५) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून नामांकित ज्येष्ठ वकिलाची नेमणूक मागता येते. त्याशिवाय स्वतःचा सल्लागार वकील हवा असेल, तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते.

विशेष न्यायालयाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात होते, पुण्याचे मुंबईला. मुदत ९० दिवसांची आहे. जामीन दिला किंवा नाकारला, तरी त्या आदेशाविरुद्ध कलम १४अ खाली अपीलच करावे लागते.

आणखी एका शब्दापासून सावध राहा : लोक न्यायालय. नाव जवळचे वाटते, पण ती तडजोडीची जागा आहे. कायद्याने तडजोडीला परवानगी नसलेले गुन्हे लोक न्यायालयात मिटवता येत नाहीत. ‘लोक अदालतीत मिटवून टाकू’ असे कोणी सांगत असेल, तर आधी वकिलाला विचारा.

आता निवेदनात काय लिहायचे?

‘फास्ट ट्रॅक कोर्टात चालवावा’ या एका वाक्याऐवजी पुढच्या मागण्या लिहाव्यात :

• दोषारोपपत्र ६० दिवसांत विशेष न्यायालयात दाखल करावे.
• कलम १४(३) प्रमाणे सुनावणी दररोज घ्यावी, यासाठी सरकारी वकिलांनी अर्ज करावा.
• कलम १५अ प्रमाणे प्रत्येक सुनावणीची लेखी सूचना फिर्यादीला द्यावी.
• साक्षीदारांना संरक्षण आणि प्रवासखर्च द्यावा.
• जिल्ह्यातील प्रलंबित खटल्यांची संख्या पाहून स्वतंत्र विशेष न्यायालयांची संख्या पुरेशी आहे का, हे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीने बैठकीत मांडावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी.

आणि एक काम आपले स्वतःचे. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. पुण्याचा क्रमांक ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. ई-कोर्टच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि कोर्ट क्रमांक दिसतो. आम्ही मांजरीत आता विहाराच्या वहीत आपल्या भागातल्या प्रत्येक खटल्याचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवतो आणि दर रविवारी एकजण तारखा तपासतो. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, ती वही आता तिच्याकडे आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले. मोर्चाच्या दिवशी आपण संघटित असतोच. तेवढेच संघटित आपण विशेष न्यायालयाच्या बाकावर, तारखेच्या दिवशीही दिसलो पाहिजे.

जय भीम. नमो बुद्धाय.